वर्षभर काय वाचायचं? आधी फक्त तीन पुस्तकं ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी आयटीत, शाळा-कॉलेजात भरपूर वाचायचो पण गेली काही वर्षं मोबाइलपलीकडे काही वाचलेलं नाही. यंदा वर्षभरात मराठीतली पंचवीस पुस्तकं वाचायचीच असं ठरवलंय, नेटवर 'वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' छापाच्या तीन याद्या मिळाल्या, तिन्ही वेगळ्या, आता यातली पंचवीस कशी निवडू?

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. नोकरीची बरीच वर्षं देवघेवीच्या काउंटरवरच गेली, त्यामुळे जानेवारीत संकल्प करून वर्गणी भरणारे सभासद भरपूर बघितलेत आणि त्यातले दिवाळीपर्यंत कोण टिकतात तेही बघितलंय. टिकणाऱ्यांकडे वर्षाची यादी सहसा नसते. हातात एक पुस्तक असतं, त्याच्या पुढचं कुठलं ते माहीत असतं, आणि त्याच्याही पुढचं अजून ठरायचं असतं. म्हणून माझं उत्तर असं की पंचवीस आत्ता ठरवूच नका, तीन ठरवा, उरलेली त्या तिनातून निघतात. कशी निघतात ते खाली उदाहरण घेऊन सांगते, कारण नुसतं 'आवडीप्रमाणे वाचा' म्हणून कुणाला काही उपयोग होत नाही.

आधी पानांचा हिशोब करा. रोज २० पानं, म्हणजे सवय मोडलेल्या माणसाला पाऊण तास लागतो. आठवड्यातले ५ दिवस जमले तर १०० पानं, वर्षाची ५२००. नेहमीची मराठी कादंबरी २००-२५० पानांची धरली तर वीस ते पंचवीस पुस्तकं होतात, म्हणजे तुमचा आकडा अगदीच हवेतला नाहीये. पण त्यात एक 'तुंबाडचे खोत' घेतलं की दोन खंड मिळून हजाराच्या वर पानं, अडीच-तीन महिने तिथेच जातात, आकडा मागे पडतो आणि माणसाला वाटतं संकल्प मोडला, वास्तविक तो त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं वाचन करत असतो. पुस्तकांचा आकडा धरून बसलं की हळूहळू माणूस पातळ पुस्तकंच उचलायला लागतो, हे मी काउंटरवर रोज बघते. मोजायचंच असेल तर पानं मोजा, नाहीतर दिवस मोजा, रोज वाचलं की नाही एवढंच.

दुसरं, वर्षातले सगळे महिने सारखे नसतात. तुमच्या घरात शाळेतली मुलं असतील तर मार्च गेला, मे महिन्यात लग्नं आणि गावी जाणं, गणपतीत घरात पाहुणे. आमच्याकडे जाड कादंबऱ्या जून ते ऑगस्ट जातात, पाऊस लागला की माणसं घरात असतात. तेव्हा एक, फार तर दोन जाडजूड पुस्तकं वर्षाला घ्या आणि त्यांना पावसाळा देऊन टाका. जानेवारी-फेब्रुवारीत, सवय परत बसेपर्यंत, दीडशे पानांच्या आसपासची घ्या. पातळ म्हणजे हलकी असं बिलकुल नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची, युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, त्यावर जर्मनीतून निसटलेले ज्यू, आणि त्यात एक मराठी माणूस, दोन बैठकांत संपते पण महिनाभर डोक्यातून जात नाही. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ चं आहे आणि एका दुपारचं काम आहे, पण त्यातला राग आजही गार झालेला नाही. बरीच वर्षं न वाचलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय लागतं तर एक पुस्तक पूर्ण झाल्याचं समाधान, ते पहिल्या पंधरवड्यात मिळालं पाहिजे, नाहीतर फेब्रुवारीत वर्गणी भरलेली राहते आणि माणूस दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा, एका पुस्तकातून दुसरं कसं काढायचं.

समजा तुम्ही 'बनगरवाडी' घेतलीत, व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ साली आलेली. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, मेंढरं, कारभारी, तालीम बांधायचा खटाटोप, आणि शेवटी दुष्काळ पडतो आणि वस्ती उठते. पुस्तक मिटल्यावर पाच मिनिटं थांबा आणि वहीत एकच गोष्ट लिहा, यातलं काय अजून हवंय? एखाद्याला ती भाषा हवी असते, एखाद्याला दुष्काळात माणसं कुठे जातात ते हवं असतं, एखाद्याला त्या मास्तराचा एकटेपणा हवा असतो. तिघांचं पुढचं पुस्तक वेगळं.

धरा, तुम्ही लिहिलंत की गावातल्या साध्या घरात काय चालतं ते अजून हवंय. मग रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' घ्या, १९७१ ची. मराठवाड्यातलं शिंप्याचं घर, गोष्ट सांगते घरातली बाई, आणि गावातल्या दांडग्यांपुढे ते घर कसं विस्कटत जातं ते ती तिच्या बोलीत सांगते. 'बनगरवाडी'त तुम्ही बाहेरून आलेल्या मास्तराच्या नजरेनं वस्ती बघितलीत, इथे चुलीजवळ बसून बघता, हा फरक आपोआप जाणवतो, कुणी शिकवावा लागत नाही. तिथून उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०, विदर्भातली, ती पण शिंप्याच्याच घराची आणि ती पण एका बाईनं ओढलेल्या संसाराची. दोन पुस्तकं लागोपाठ वाचली की मराठवाडा आणि वऱ्हाड यांची बोली, गरिबी, नवऱ्याचं वागणं सगळं शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. एकेकटी वाचली असती तर दोन्ही चांगल्या वाटल्या असत्या आणि विसरल्याही असत्या, माझं तरी असं निरीक्षण आहे.

आता इथे एक प्रश्न आपसूक पडतो, पडायला पाहिजे, की या गावांच्या वेशीबाहेर कोण राहतं? मग दया पवारांचं 'बलुतं', ग्रंथालीनं १९७८ मधे काढलेलं. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना, दोन्हीकडचं जगणं. तीन पुस्तकांतून गाव बघून झाल्यावर 'बलुतं' हातात आलं की तेच गाव उलट्या बाजूनं दिसतं, म्हणून मी सभासदांना ते पहिलं देत नाही, चौथं देते. आणि 'बलुतं' संपलं की वाट दोन ठिकाणी फुटते. एक मुंबईकडे जाते, जयवंत दळवींची 'चक्र', नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'मधल्या कविता. दुसरी परत गावाकडे, पण आता गावच उठवलं जातंय अशा ठिकाणी: विश्वास पाटलांची 'झाडाझडती', धरणात गाव गेलेल्यांची, जिला १९९२ चं साहित्य अकादमी मिळालं, आणि तिला जोडून कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३ चं अकादमी, ती पण विस्थापितांचीच पण किती वेगळ्या तऱ्हेनं, मागे जंगलात राहिलेल्या म्हशीच्या मागे जाणारी. 'झाडाझडती'त कचेऱ्या, मोर्चे, नुकसानभरपाई, शेकडो माणसं, आणि 'रिंगाण'मधे एक माणूस, एक जनावर आणि रान. दोन पुरस्कारांमधे तीसेक वर्षांचं अंतर आहे, आणि एकाच दुखण्यावर मराठी कादंबरी कुठून कुठे गेली ते या दोन पुस्तकांत कळतं.

बघा, बोलता बोलता सात-आठ पुस्तकं झाली, आणि एकही 'वाचलीच पाहिजेत' म्हणून आलेलं नाही, प्रत्येक आधीच्यातून आलंय. तुमची साखळी वेगळी असेल, असू दे. पुराणातल्या गोष्टींची आवड असेल तर 'मृत्युंजय' बहुतेक तुम्ही शाळेत असतानाच वाचलेली असणार, ती आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दोन्ही १९६७ चीच. 'मृत्युंजय'मधला कर्ण डोक्यात असताना 'युगान्त' वाचा, आणि मग दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व', आणि तरी भूक उरली तर भैरप्पांचं 'पर्व', उमा कुलकर्णींनी कन्नडमधून आणलेलं. चार माणसं एकाच महाभारताकडे बघतायत आणि चौघांचं पटत नाही, यात जी मजा आहे ती यादीवरून टिक करत वाचणाऱ्याला मिळत नाही.

म्हणून सुरुवातीची तीन पुस्तकं अशी निवडा की तिन्हींची तोंडं तीन दिशांना असतील. एक कादंबरी, एक खऱ्या माणसाचं आयुष्य, आणि एक तुमच्या कामाधंद्याशी बिलकुल संबंध नसलेल्या विषयाचं. मार्चपर्यंत यातलं एक तुम्हाला ओढून नेईल, त्या वाटेनं जा, बाकी दोन वाटा राखून ठेवा, कंटाळा आला की बदलायला.

आमच्याकडे ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, कादंबरी नको, खोटं वाचायला वेळ नाही, नाइट ड्यूटीत मधेमधे वाचता येईल असं द्या. त्यांना वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दिलं, प्रकरणं छोटी आहेत, मधे बेल वाजली तर ठेवून उठता येतं. ते झाल्यावर म्हणाल्या, हे लांबच्या देशातलं झालं, आपल्याकडच्या बाईचं असं काही आहे का, मग 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं वाचून झाल्यावर त्या तासभर काउंटरशी उभ्या राहून बोलत होत्या, नवरा धर्म बदलतो तेव्हा मागे राहिलेल्या बाईचं काय होतं याबद्दल, आणि त्यांनी स्वतःहूनच विचारलं की लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याच्या, रेव्हरंड टिळकांच्या, कविता आहेत का. म्हणजे ज्यांना खोटं वाचायला वेळ नव्हता त्या कवितेपर्यंत आल्या. मी काही सांगितलं नव्हतं, पुस्तकानंच पुढचं मागितलं.

'स्मृतिचित्रे'वरून आठवलं, हा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो: कुठली आवृत्ती उचलताय ते बघा. 'स्मृतिचित्रे' मूळ चार भागांत आलं, १९३४ ते १९३६ या काळात, आणि शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या मुलानं पुरा केला. बाजारात त्याची संक्षिप्त आवृत्ती पण मिळते आणि अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली अभिनव आवृत्ती पण. संक्षिप्त वाचून 'वाचलं' असं वाटतं पण त्या बाईंची सगळी गंमत तपशिलात आहे. तसंच गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चं. वरसईचे हे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते, झाशीत होते, आणि त्यांनी लिहिलेलं पुस्तक छापून आलं १९०७ मधे, चिंतामणराव वैद्यांनी त्यात बरीच काटछाट आणि बदल करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ ची. तुम्ही दुकानात किंवा रॅकसमोर उभे असाल तर मुखपृष्ठ बघून न थांबता आतलं पान उलटा, जिथे पहिली आवृत्ती, पुनर्मुद्रण, संपादक हे सगळं असतं. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादक कोण आणि कुठल्या भाषेतून केलाय ते बघा. अनुवादकाचं नाव आतल्या पानावर बारीक टायपात कुठेतरी कोपऱ्यात असेल तर मी जरा सावध होते. आणि एखादा अनुवादक आवडला तर त्याच्या नावानंच पुढचं पुस्तक शोधा, लेखकाच्या नावानं शोधतो तसं. 'पाडस' वाचलेली माणसं त्याचे अनुवादक राम पटवर्धनांचं नाव लक्षात ठेवून येतात, आणि ते बरोबरच आहे.

रॅकसमोर आणखी काय करायचं ते सांगते. पहिलं पान वाचू नका, ते लेखकानं सगळ्यात जास्त घासलेलं असतं. मधलं कुठलंही, साठ-सत्तर पानांनंतरचं एक सलग पान उभ्याउभ्या वाचा. ते पान वाचून मागे काय झालं असेल याची उत्सुकता वाटली तर घ्या. बोलीतलं पुस्तक असेल, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, तर ते पान हळू आवाजात म्हणून बघा. डोळ्यांना अडणारी बोली कानाला अडत नाही, दहा-पंधरा पानांत सवय होते. ज्यांनी 'धग' अवघड म्हणून परत केली त्यातल्या कितीतरी जणांना मी दोन पानं मोठ्यानं वाचायला लावून ती परत दिलीय. प्रस्तावना मात्र शेवटी वाचा, आपल्याकडे बऱ्याच प्रस्तावना सगळी गोष्ट आधीच सांगून टाकतात.

वाचनालयाचं पुस्तक असेल तर शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघा. आता खूप ठिकाणी कॉम्प्युटर आलेत पण जुन्या प्रतींवर ती अजून असते. लागोपाठ दर दहा-बारा दिवसांनी तारखा पडल्या असतील तर पुस्तक हातोहात फिरतंय. एखाद्या पुस्तकावर तीन-चार वर्षं काहीच नाही आणि मग एकदम एका महिन्यात तीन तारखा असतील तर समजा कुणीतरी वाचून दुसऱ्याला सांगितलंय, अशी पुस्तकं मी मुद्दाम बघते. आमच्याकडच्या 'फकिरा'च्या एका प्रतीला चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवून तो कोपरा पुठ्ठ्यासारखा जाड झालाय, दोनदा बाइंडिंग झालंय, कोपऱ्यांवर बोटांचे डाग आहेत, आणि ते पुस्तक नेणाऱ्यांत कॉलेजची पोरं असतात तसे हमालीचं काम करून संध्याकाळी येणारेही असतात. पुस्तकाची ही शिफारस कुठल्याही स्टार रेटिंगपेक्षा मला जास्त खरी वाटते, कारण कुणीतरी स्वतः चालत येऊन ते नेलंय आणि वाचून परत आणलंय.

पुरस्कारांच्या याद्या वाईट नसतात, पण त्या कशा वापरायच्या ते कळलं पाहिजे. साहित्य अकादमी पुरस्कार १९५५ पासून आहे, मराठीची यादी सहज मिळते. पण पुरस्कार मिळालेलं पुस्तक हेच त्या लेखकाचं पहिलं वाचायचं पुस्तक असं नसतं. भालचंद्र नेमाड्यांना १९९१ ला अकादमी मिळाला तो 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकाला. समीक्षेची सवय नसलेल्या माणसानं यादीवरून ते उचललं तर तो नेमाड्यांच्या वाटेला पुन्हा जाणार नाही. त्यानं १९६३ ची 'कोसला' घ्यायला हवी. म्हणजे यादीतून लेखकाचं नाव घ्या, पुस्तक आपलं आपण निवडा. 'ललित'सारखं मासिक चाळत राहिलात तर नवीन काय येतंय ते कळत राहतं, जाहिरातीसुद्धा वाचा, मराठी प्रकाशकांच्या जाहिरातीत पुस्तक कशाबद्दल आहे ते बऱ्यापैकी सरळ लिहिलेलं असतं.

अर्धवट सोडायचं का? हो, सोडा. रंगनाथन यांनी १९३१ मधे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक 'वाचकाचा वेळ वाचवा' हा आहे, आणि दुसरा 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक'. चाळीस-पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचून ओढ लागली नाही तर पान नंबर लिहून ठेवा आणि परत करा. फक्त सोडताना वहीत कारण लिहा, कारण दोन तऱ्हेची सोडलेली पुस्तकं असतात. एक, जी तुम्हाला पटली नाहीत, ती गेली. दुसरी, जी आत्ता झेपली नाहीत, घरात आजारपण होतं, ऑफिसात रिलीज होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, ती डिसेंबरात परत बघा. 'कोसला' पहिल्या वीस पानांत सोडणारे खूप असतात, आणि चार वर्षांनी परत येऊन एका आठवड्यात संपवणारेही तेच असतात.

कविता मोजणीत धरू नका. एका वर्षाला एक कवी किंवा कवयित्री घ्या, पुस्तक उशाशी ठेवा, एका दिवशी एक कविता, तीही म्हणून. बहिणाबाईंची गाणी घेतलीत तर बघा, १९५२ ला, त्या गेल्यानंतर वर्षभरात छापून आली, दोन-चार शाळेत पाठ केलेली असतात म्हणून आपल्याला वाटतं आपण वाचलीयत, सगळा संग्रह किती जणांनी सलग वाचलाय? खानदेशची बोली, शेतीची कामं, माहेर, मरण, सगळं आहे त्यात. वर्षभर पुरतं.

एक-दोन जागा पूर्वी वाचलेल्या पुस्तकांना ठेवा. तुम्ही म्हणता शाळा-कॉलेजात भरपूर वाचायचात, त्यातलं जे सगळ्यात आवडलेलं होतं ते यंदा परत वाचा, शक्यतो मधेच, जून-जुलैत, जेव्हा नव्याचा उत्साह ओसरलेला असतो. तेव्हा ते सगळ्यात जास्त कामाला येतं.

आणि दिवाळी अंक. १९०९ ला का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे हे चालू आहे, आणि माझ्या मते पुढच्या वर्षाची पुस्तकं निवडायची याच्याइतकी चांगली सोय दुसऱ्या कशात नाही. दोन-तीन चांगले अंक विकत घ्या, बाकीच्यांसाठी वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घाला. बहुतेक वाचनालयांत वेगळी थोडी वर्गणी भरून पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. आता अंक वाचताना असं करा, की ज्या लेखकाचं नाव कधीच ऐकलेलं नाही त्याची कथा आधी वाचा. आवडली तर नाव वहीत. अशी चार-पाच नावं जमली की जानेवारीत त्यांची पुस्तकं शोधा. आज ज्यांच्या कादंबऱ्या गाजतायत त्यांच्यातले कितीतरी जण आधी दिवाळी अंकांतच भेटलेत. नोव्हेंबर-डिसेंबर अंकांना देऊन टाका, त्या काळात पुस्तकांची काळजी करू नका.

खर्चाचं पण सांगते, कारण पंचवीस पुस्तकं विकत घ्यायची म्हटली तर रक्कम बरीच होते. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं गावोगाव आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांतली. पुण्यात असाल तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. वर्गणी आणि अनामत मिळून एखाद-दुसऱ्या नव्या पुस्तकाच्या किमतीत वर्ष निघतं बऱ्याच ठिकाणी. नियम माझा साधा आहे: आधी वाचनालयातून वाचा, जे परत करावंसं वाटत नाही ते विकत घ्या. पुण्यात आहात तर पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जा, पण वाचून झालेल्याची यादी घेऊन जा. परदेशात किंवा लांब असाल तर नेटवर मराठी विकिस्रोत बघा, तिथे मुक्त झालेली पुस्तकं असतात. लेखक गेल्यानंतरची साठ वर्षं उलटली की आपल्याकडे पुस्तक मुक्त होतं, त्यामुळे हरिभाऊ आपटे, साने गुरुजी अशांचं लेखन कायदेशीरपणे फुकट वाचता येतं. पीडीएफ म्हणून ग्रुपवर फिरणारी हयात लेखकांची पुस्तकं मात्र घेऊ नका, मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळातच लहान असते आणि त्या लेखकाला मिळणारं थोडंफार पण त्यात जातं.

वहीचं तेवढं मनावर घ्या. साधी दोनशेपानी, मोबाइलमधली नको, मोबाइल उघडला की वाचन गेलंच. पुस्तकाचं नाव, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, आवृत्ती कुठली, आणि 'यातून पुढे काय' या एका ओळीसाठी जागा. समीक्षा लिहायची नाहीये. पुस्तकात ज्या दुसऱ्या पुस्तकाचा, माणसाचा, गावाचा उल्लेख आला आणि तुम्ही क्षणभर थांबलात, ते लिहा. सहा महिन्यांनी ती वही चाळलीत की नेटवरच्या तिन्ही याद्या आपोआप बाजूला पडतील.

तर या शनिवारी जवळच्या वाचनालयात जाऊन 'रणांगण' किंवा 'बनगरवाडी' यातलं एक, 'स्मृतिचित्रे'ची पूर्ण आवृत्ती, आणि विज्ञान, इतिहास, शेती, संगीत यातलं तुम्हाला काही कळत नाही अशा विषयावरचं एक, अशी तीन नावं काउंटरवर द्या. सगळी एकदम नेऊ देणार नाहीत, एका वेळी एक किंवा दोनच मिळतात. जे बाहेर गेलेलं असेल त्याच्यासाठी नाव नोंदवून ठेवा, परत आलं की ते तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतील. आणि तिथे बसलेल्या माणसाला, 'हे वाचून झाल्यावर लोक काय मागतात' हे नक्की विचारा. ते त्यांना माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही.